आधी प्रार्थना, मग बिल्ला

९ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

लिहू नकोस म्हणाली होतीस. पण वाचणार नाही असं म्हणाली नव्हतीस, म्हणून लिहितोय. माझ्या निबंधावर तू सहा ठिकाणी लाल रेघा मारल्यास, त्या दिवसापासून मी कामातून गेलोय. तेव्हा या पत्रावरही खुशाल रेघा मार आणि परत पाठव. तेवढंही मला पुष्कळ आहे.

तर पोचलो. दवाखान्याच्या मागची खोली मिळालीय. एक खाट, एक खुंटी, एक खिडकी आणि खिडकीतून दवाखान्याची पाठ. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सात पावलं होतात. दिवसातून किती खेपा होतात ते विचारू नकोस. तू असतीस तर म्हणाली असतीस, बस खाली, डोळे फिरायला लागले माझे.

कॉलेज मी रागाच्या भरात सोडलं असं तू सगळ्यांना सांगतेस, हे मला कळलंय. राग होता, कबूल. पण परीक्षा चार महिन्यांवर आलीय हे मलाही दिसत होतं. त्या रविवारी तुझ्या बाबांनी उपदेशाच्या शेवटी विचारलं की सुवार्तेच्या कामाला कोण जाईल, आणि सगळी मंडळी आपापल्या बुटांकडे बघत बसली. मी उभा राहिलो. तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी चर्चमध्ये खुर्ची मोडली. नंतर पायऱ्यांवर म्हणालीस, आधी पदवी घे, मग देवाला काय ते दे. मी म्हणालो, तू पाळकाची मुलगी असून असं बोलतेस? त्यावर तू जे बोललीस ते मी लिहीत नाही. तुला आठवतंय.

इथली परिस्थिती सांगतो. दवाखाना मिशनचा, पण मिशनचं नाव शोधायला पाटीच्या कोपऱ्यात नाक लावावं लागतं. हे सगळं डॉक्टरबाईंचं राज्य. पन्नाशीच्या, उंच, बोलतात तेव्हा वाटतं इंजेक्शन देतायत. सकाळी सातला दार उघडतं, कंपाउंडर पत्र्याचे नंबर घातलेले बिल्ले वाटतो. बिल्ला मिळाला की माणूस मोकळा. मग व्हरांड्याच्या टोकाला कोणीतरी दहा मिनिटं प्रार्थना घेतं, तिथे तिघं बसतात. त्यातलं एक ऊन खायला आलेलं असतं.

पहिल्याच दिवशी मी डॉक्टरबाईंना विचारलं, आपण इथे कशासाठी आहोत? त्या म्हणाल्या, "सध्या खरजेसाठी. हात धुऊन या आणि मलम लावा."

तुझे बाबा म्हणतात तेच खरं. गोळ्या काय, सरकारही देतं. ज्याच्या नावानं देतो त्याचं नाव घ्यायची लाज वाटत असेल, तर आपली काय गरज? हे मी त्यांना लिहून कळवलंय.

तुझा
(तू मानत नाहीस तरी)


२ डिसेंबर

मास्तरीणबाई,

जिंकलो. तुझे बाबा तपासणीला आले होते हे तुला घरी कळलं असेलच. त्यांनी व्हरांड्यातले ते तिघं पाहिले आणि चष्मा पुसला. तुला माहीत आहे, ते चष्मा पुसतात तेव्हा काहीतरी व्हायचं असतं. दुसऱ्या दिवशी कमिटीकडून कागद आला. तीन महिने नवी पद्धत करून बघायची. आधी प्रार्थना आणि प्रवचन, सगळ्यांनी आत बसायचं, आणि ते संपलं की मग बिल्ला. फेब्रुवारीत कमिटी बसेल आणि कायमचं ठरवेल. प्रवचनाचं काम माझ्याकडे.

डॉक्टरबाई कागद वाचून तुझ्या बाबांना म्हणाल्या, आजारी माणसाला ऐकायला बसवणं म्हणजे त्याचा गळा धरून बोलणं. तुझे बाबा म्हणाले, गळा कोणी धरत नाही, पण तुम्ही त्याला आयुष्यभर पुरेल असं काही सांगतच नाही, ताप उतरवता आणि घरी पाठवता. बाई म्हणाल्या, प्रभूनंही आधी बरं केलं. बाबा म्हणाले, आणि गप्प बसून नाही केलं. दोघंही इतकं बरोबर बोलत होते की मी मान कोणाकडे हलवायची ते ठरवेपर्यंत चहा निवला. कंपाउंडर तीस वर्षं इथे पुड्या बांधतो. तो मला हळूच म्हणाला, दोघांचं भांडण कशाचं आहे सांगू? दोघांनाही पेशंट आपला वाटतो.

पहिला आठवडा वाईट गेला. लोक हुशार आहेत. प्रवचन कधी संपतं याचा अंदाज घेऊन शेवटच्या पाच मिनिटांत यायचे. कोणी मध्येच आत, कोणी बाहेर, बाकडं सरकव, पोर रडव. मी आमेन म्हणेपर्यंत बिल्ल्यासाठी हात पुढे. मग मला युक्ती सुचली. सात वाजता जे आत आले ते आले, दाराला आतून कडी. प्रार्थना संपेपर्यंत उघडायचं नाही. आणि बाहेर फळ्यावर लिहिलं: प्रार्थना चालू आहे, शांतता राखा.

चार दिवसांत लोक वेळेवर यायला लागले. खोली गच्च. सत्तर डोकी, एक आवाज, माझा. तुला काय सांगू, बोलता बोलता समोरच्या बाईचा विणकामाचा हात थांबला की अंगातून काहीतरी सरकन जातं.

बाबांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, शिस्त आवडली म्हणून. खाली एक ओळ आहे. कमिटी होऊन जाऊ दे, मग तुझ्या पुढच्या आयुष्याबद्दल बोलू, आणि त्यात घरातलंही बोलणं आलं. घरातलं म्हणजे कोणाचं, हे तुला लाल शाईनं समजावून सांगायला नको. ती ओळ मी वहीत उतरवून घेतलीय. मूळ पत्र हाताळून हाताळून मऊ पडलंय.

तू एक अक्षर लिहीत नाहीस. चालेल. फेब्रुवारीपर्यंत चालेल.


१० जानेवारी

तुझ्यापर्यंत काही आलं असेल तर ते अर्धवट आलं असेल, म्हणून लिहितो.

गेल्या सोमवारी एका रंगाऱ्याच्या डोळ्यात चुना गेला. दोन गल्ल्या पलीकडे एका घराला सफेदीचं काम होतं. तो कळीचा चुना पिंपात विरवत होता, पाणी घातल्यावर तो उकळतो, उसळला आणि थेट उजव्या डोळ्यात. बायको कामावर सोबतच होती. ती त्याला हाताला धरून दवाखान्यात घेऊन आली. तेव्हा प्रार्थना चालू होती.

तुझे बाबा त्या दिवशी मुद्दाम आले होते, मागच्या बाकावर. मी थोडं लांबवलं. पंचवीस मिनिटं. डॉक्टरबाई मागच्या इमारतीत बाळंतिणीपाशी होत्या. दार उघडलं तेव्हा ती दोघं अंगणातल्या नळापाशी उभी होती. नळापाशी. हातभर अंतरावर. आणि नळ उघडलेला नव्हता, कारण रंगाऱ्याचं म्हणणं, चुना पाण्यानंच उकळतो, मग डोळ्यात पाणी कसं घालायचं? आत असतं कोणी तर सांगितलं असतं. म्हणजे बाहेर असतं कोणी तर.

डॉक्टरबाईंनी तासभर स्वतःच्या हातानं डोळा धुतला. शेवटी मला म्हणाल्या, पहिल्या पाच मिनिटांत नुसत्या नळाच्या पाण्यानं धुतला असता तर वाचला असता. एवढं बोलून बाळंतिणीकडे गेल्या.

डोळा गेला.

कोणाला ऐकू आलं नाही. सत्तर माणसं गाणं म्हणत होती. आता डॉक्टरबाईंनी कमिटीला लिहिलंय आणि तुझ्या बाबांनीही लिहिलंय. फेब्रुवारीत जे ठरायचं ते आता यावरून ठरणार. मला बोलावणार आहेत. मी बोलेन. मला कशाची भीती नाही.

हे सगळं इतकं नीट लिहून तुला पाठवतोय कारण तुझ्याशिवाय कोणाला लिहू? आईला लिहिलं तर ती न्यायला येईल.


१९ जानेवारी

मास्तरीणबाई,

रंगाऱ्याकडे गेलो. जायचं नव्हतं. तीन दिवस चप्पल घालत होतो आणि काढत होतो. कंपाउंडर म्हणाला, एकतर जा नाहीतर चप्पल तरी दुसऱ्याला दे.

एक खोली, तिच्यात एक पडदा, पडद्यामागे चूल. बाहेर शिडी आडवी ठेवलेली, तिच्यावर कपडे वाळत होते. रंगारी चाळिशीचा असेल, हाडकुळा, हातांच्या भेगांत पांढरं कायमचं बसलेलं. डोळ्यावर पट्टी. मला वाटलं आरडाओरडा करेल. त्यानं मला गोणपाट अंथरून दिलं आणि म्हणाला, बसा महाराज, त्या दिवशीची गोष्ट अर्धी राहिली.

मला कळेना कुठली गोष्ट. तर त्या दिवशी मी प्रवचनात ती पांगळ्या माणसाची गोष्ट सांगत होतो. चौघं मित्र त्याला खाटेवर घालून प्रभूकडे नेतात, पण दारात ही गर्दी, आत जायला वाट नाही. खोलीची खिडकी उघडी होती, रंगाऱ्याला बाहेर सगळं ऐकू येत होतं. "तुम्ही म्हणालात दारातून जाता येईना, आणि मग तुम्ही सगळ्यांना गाणं म्हणायला लावलंत. मला डोळ्याची आग, आणि डोक्यात हेच, की त्याला आत नेलं कसं?"

मी सांगितलं, छपरावर चढले, छप्पर उसकटलं आणि वरून खाट आत सोडली.

तो म्हणाला, "आणि ते छप्पर नंतर कोणी नीट केलं?"

मी म्हणालो, ते सांगितलेलं नाही.

"सांगत नाहीत," तो म्हणाला. "असली कामं आम्हालाच बोलावून करून घेतात." आणि हसला. मास्तरीणबाई, तो खरंच हसला. आणि मग म्हणाला की आता एका डोळ्यानं शिडीची पायरी कुठे संपते ते कळत नाही, दोनदा पडलो, आता खालची कामं बघावी लागतील.

त्याची बायको पडद्याआड होती. भांड्यांचा आवाज येत होता, पण बाहेर आली नाही. पडद्याखालून तिचे पाय दिसत होते. मी होतो तोवर ते हलले नाहीत.

परत येताना मी दवाखान्यावरून पुढे गेलो, गाव संपेपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. मग खोलीत सात पावलं. मग हे पत्र. तरी बसवत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की कोणाला ऐकू आलं नाही. तू ते वाक्य वाचून लाल रेघ मारली असशील, तुला माझी खोटी वाक्यं ओळखू येतात. ते वाक्य मोठं सरळ होतं, नाही? माझी सरळ वाक्यं संशयास्पद असतात, असं तूच म्हणायचीस.


२८ जानेवारी

ऐक.

कडी वाजली. बाहेरची कडी, एकदाच, दोन ठोके. मी दारापासून चार हातांवर उभा होतो. मी ऐकली.

तेव्हा माझं अगदी रंगात आलं होतं. तुझे बाबा मागच्या बाकावर, चष्मा डोळ्यांवर, पुसत नव्हते. विणणाऱ्या बाईचा हात थांबलेला. मला वाटलं, आला कोणीतरी उशिरा बिल्ल्यासाठी. आणि मी सगळ्यांना म्हणालो, चला, गाऊ या, आणि स्वतः वरच्या पट्टीत सुरुवात केली. गोष्ट मध्येच सोडून. म्हणजे कडी पुन्हा वाजली तर ती ऐकू येऊ नये म्हणून. हे मी तेव्हा ठरवलं का? ठरवायला वेळ लागतो. मला वेळ लागला नाही.

हे सांगितलं तेव्हा काय झालं ते आता लिहितो. कारण मी सांगितलं, परवा, तुझ्या बाबांना. ते कमिटीच्या तयारीला आले होते. माझ्या खोलीत आले, खाटेवर बसले. मी उभाच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला आणि पुसला नाही, नुसता हातात धरला. म्हणाले, तू तरुण आहेस, गडबडीत ऐकलं की नाही हे तुला तरी नक्की कसं सांगता येईल? मी म्हणालो, नक्की ऐकलं. ते म्हणाले, इथे तीस वर्षं नाव न घेता काम चाललंय, आता कुठे लोक बसून ऐकतायत, एका कडीपायी ते सगळं पुसलं जाईल, त्याचा विचार कर. आणि मग जाता जाता तुझ्याबद्दल बोलले. आई गेल्यापासून पोरीचं सगळं मलाच बघायचंय, माणूस पारखून द्यायचीय, म्हणाले. एवढंच. धमकी नव्हती. धमकी असती तर मला भांडता आलं असतं.

ते गेल्यावर डॉक्टरबाईंनी बोलावलं. त्यांना कडीचं काही माहीत नाही. त्यांचा विषय वेगळा. दार बंद करायचा हुकूम पाळकसाहेबांचा होता, एवढं तू कमिटीत सांग, म्हणाल्या. मी म्हणालो, तसा हुकूम नव्हता. बाई म्हणाल्या, तोंडी असेल, इशाऱ्यानं असेल, पण होता. तुझ्यासारखं पोर स्वतःहून असं करत नाही. त्यांचा खरंच तसा विश्वास आहे. मी इतका वाईट असेन असं त्यांना वाटतच नाही. अशी तारीफ कोणाच्या वाट्याला येऊ नये.

म्हणजे बघ. बाबांना हवंय की कोणी ऐकलं नाही. बाईंना हवंय की दार बाबांनी बंद करायला लावलं. दोन्हींपैकी काहीही सांगितलं तर कोणीतरी मला जवळ करेल. बाबांचं सांगितलं तर तू. तू मिळशील असं नाही, तू काय बाजारातली वस्तू आहेस? पण तुझ्या घराचं दार उघडं राहील. आणि खरं काय ते सांगितलं तर मी कोणाच्याच कामाचा नाही.

एवढं लिहितोय आणि मनात एकच, तू हे वाचताना कुठे बसली असशील. खिडकीपाशी, पाय वर घेऊन. मला काय करावं ते कळत नाहीये. खोटं. कळतंय. करवत नाहीये.


७ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

कमिटी झाली. तुझ्या बाबांनी घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून मी सांगतो.

दवाखान्याच्याच बसायच्या खोलीत झाली. अकरा माणसं, लांब टेबल, पाण्याचा तांब्या. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्यापुढे मला आपोआप हात मागे बांधावेसे वाटले. पहिला तासभर माझं काम नव्हतंच. तुझे बाबा उभे राहून बोलले. जे आपण देतो ते फक्त औषध नाही, आणि जो भीतीपोटी गप्प बसतो त्याची सेवा अर्धी. डॉक्टरबाई बसूनच बोलल्या. माणूस वेदनेत असतो तेव्हा त्याचा होकार हा होकार नसतो, आणि असे होकार गोळा करायची मला लाज वाटते. मी दाराशी स्टुलावर बसून दोघांचंही ऐकत होतो. इतके महिने मी एका बाजूचा शिपाई होतो, आणि त्या तासाभरात मला पहिल्यांदा वाटलं की दोघंही देवावर प्रेम करणारी माणसं आहेत. आणि दोघांनाही रंगाऱ्याचं घर माहीत नाही.

मग अध्यक्षांनी मला विचारलं, दार कोणी बंद करायला सांगितलं?

मी म्हणालो, "कोणी नाही. ती कल्पना माझी. पाळकसाहेबांना नंतर कळलं."

डॉक्टरबाईंनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. अध्यक्ष म्हणाले, आणि बाहेरून कोणी हाक मारली, दार वाजवलं, असं काही?

मी बाबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर झालं नसतं.

"कडी वाजली. मी ऐकली."

"मग उघडलं का नाहीस?"

"पाळकसाहेब मागच्या बाकावर बसले होते. आणि माझं छान चाललं होतं."

तांब्यावरचं फुलपात्र कोणाच्या तरी कोपरानं हललं तेवढाच आवाज. मला वाटलं होतं आता आभाळ कोसळेल. पण झालं काय सांगू? पाच मिनिटांत वाद परत सुरू. कोणी म्हणालं, दोष या पोराचा आहे, पद्धतीचा नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, पद्धतच अशी पोरं तयार करते. त्यावर आणखी पाऊण तास. मी तिथेच होतो, पण मी आता मुद्दा झालो होतो. एकानं विचारलं, त्या बाईला बोलावून विचारायचं का? दुसरा म्हणाला, कशाला बिचारीला त्रास. आणि पुढे गेले.

ठरलं ते असं. बिल्ले आधी. प्रार्थना नंतर, आतच, दार उघडं ठेवून, ज्याला बसायचं तो बसेल. वर्षानं परत विचार. दोघंही नाराज. आणि मला महिनाअखेर खोली सोडायची आहे. हे शेवटचं एकमतानं झालं.

बाहेर पडताना तुझ्या बाबांनी मला थांबवलं. नळापाशीच. म्हणाले, "तू खोटं बोलला असतास तर मी गप्प बसलो असतो. ते पाप माझ्याही डोक्यावर आलं असतं. त्यातून वाचवलंस मला, हे मी विसरणार नाही." आणि मग म्हणाले, "पण घरी येऊ नकोस."

मी बरं म्हणालो. मी भांडलो नाही. मी, जो बसची खिडकी बंद होत नाही म्हणून कंडक्टरशी भांडतो. हे तू तिथे असतीस तर तुला खरं वाटलं नसतं.

वाटलं होतं, खरं बोललं की छाती हलकी होते. होत नाही. मी तेव्हापासून नुसता फिरतोय. काहीतरी राहिलंय आणि काय ते सापडत नाही.


१५ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

सापडलं.

आज दुपारी रंगाऱ्याकडे निरोप घ्यायला गेलो होतो. तो घरी नव्हता, कुंपणाच्या कामावर गेलेला. त्याची आई दारात धान्य निवडत बसली होती. मी परत फिरणार, तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि त्याची बायको बाहेर आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा नीट पाहिला. तरुण आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप तरुण, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मला वाटलं, आता ऐकवेल, ऐकवू दे.

ती खाली बघत म्हणाली, "मला एक विचारायचंय. मी कडी हळू वाजवली का हो?"

मला आधी कळलंच नाही.

मग तिनं सांगितलं. घरी सगळे तेच म्हणतात. सासू म्हणते, हिच्या हातात जोर नाही, हिनं दार बडवायला हवं होतं. शेजारणी म्हणतात, मी असते तर दगड घातला असता. नवरा काही म्हणत नाही, पण तोही एकदा म्हणाला, अजून एकदा वाजवली असतीस तर. "फळ्यावर लिहिलं होतं, शांतता राखा. ते मी वाचलं. मला वाचता येतं. म्हणून जोरात नाही वाजवली. आत गाणं सुरू झालं, मग म्हटलं, आता कोण ऐकणार." सहा आठवडे ती हे उरावर घेऊन बसली आहे. तिला वाचता येतं म्हणून. मी अकरा माणसांसमोर उभं राहून खरं बोललो आणि माझी पाठ मीच थोपटत फिरलो, आणि त्या अकरांपैकी एकालाही, आणि मलाही, हे सुचलं नाही की ते ऐकायची गरज कोणाला आहे.

मी म्हणालो, "कडी नीट वाजली होती. मला ऐकू आली. मी उघडली नाही."

ती रडली नाही, शिवी दिली नाही. तिचे खांदे हळूहळू खाली आले, जसं डोक्यावरचं ओझं कोणीतरी मागून काढून घ्यावं. मग वळून सासूला म्हणाली, "ऐकलंत? वाजली होती."

सासूबाई म्हणाल्या, काय वाजली?

"सांगा त्यांना," ती मला म्हणाली.

मी सांगितलं. म्हातारीनं सूप खाली ठेवलं आणि मला जे बोलायचं ते बोलली. ते मी लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. तेवढ्यात रंगारी आला. त्यालाही सांगितलं. त्यानं शिडी भिंतीला लावली, ती सरळ आहे का ते हातानं चाचपून पाहिलं, आणि तोंड फिरवून बसला. मला महाराज म्हणणारा माणूस. त्यानं मला बस म्हटलं नाही. मग बायकोला म्हणाला, मी तुला तसं बोलायला नको होतं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते त्या दोघांचं होतं, मी तिथे नसल्यासारखा होतो, आणि तसंच असायला हवं होतं.

मी निघालो. तर ती म्हणाली, थांबा. आणि चप्पल घातली.

पहिल्यांदा डावीकडच्या घरी नेलं. शेजारीण कपडे वाळत घालत होती. रंगाऱ्याची बायको तिला म्हणाली, यांचं ऐका जरा. मी सांगितलं. मग समोरच्या घरी, जिथली बाई दगड घालणार होती. तिथे चौघीजणी जमल्या होत्या, पोरंही. मी सांगितलं. कडी वाजली, मी ऐकली, मी उघडली नाही. अडीच महिने मी रोज सत्तर माणसांना बसवून बोलत होतो, कडी लावून बसवत होतो. इतकं निवांत माझं कोणी कधी ऐकलं नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही.

तू वाचत असशील तर एक सांगतो. तुझ्यावरचं माझं जे आहे ते कमी झालेलं नाही, उलट आता ते लपवायला माझ्याकडे काही निमित्तच उरलं नाही, ना बाबा, ना काम. पण उत्तर दिलंस तर या माणसाला दे, त्या रविवारी उभ्या राहिलेल्याला नको. नाही दिलंस तरी मी परीक्षेचा अर्ज भरणार आहे. त्याचा तुझ्याशी संबंध नाही. थोडा आहे.

शेवटचं घर गल्लीच्या टोकाला. तिथली आजी कानानं कमी. मी सांगितलं, तर तिनं हात कानामागे नेला आणि म्हणाली, मोठ्यानं बोल बाबा.

मी मोठ्यानं बोललो. अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल.

मग रंगाऱ्याची बायको म्हणाली, "झालं. आता जा तुम्ही."

आणि मी आलो.